वजन उचलायला मनाई, आणि पोरगी कार सीटमध्ये चढत नाही. काय करावं?

राजेंद्रनगरवाला

नमस्कार मंडळी. माझं हर्नियाचं ऑपरेशन झालंय, दुर्बिणीतून, जाळी बसवलीये. डॉक्टरांनी सक्त ताकीद दिलीये की दीड महिना पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही, पाण्याची भरलेली बादली सुद्धा नाही. गाडी चालवायला मात्र मागच्या चेकअपला हो म्हणाले, एकदम जोरात ब्रेक दाबून बघा, दुखलं नाही तर चालवा म्हणाले.

आता खरी अडचण. मुलगी सव्वादोन वर्षांची आहे, वजन बारा किलो. बायको देवासला बँकेत, ती सकाळी लवकर निघते, त्यामुळे पोरीला अन्नपूर्णा रोडच्या बाजूच्या डेकेअरला सोडायचं आणि संध्याकाळी आणायचं काम माझ्याकडे. घरी आई आहे पण तिचे गुडघे गेलेले, तिलाही उचलता येत नाही. गाडी उंच आहे, कार सीट ड्रायव्हरच्या मागे आयसोफिक्सवर, म्हणजे गाडीच्या सीटमध्येच असतात त्या हुकांवर लावलीये, तोंड पुढे. आतापर्यंत मी उचलून टाकायचो, पट्टे लावायचो, झालं. आता तिला म्हणतो चढ, तर उभी राहून माझ्याकडे हात पसरते. आणि मूड नसेल तर अंग असं ताठ करते की दोन माणसं लागतील.

ओळखीत सगळे म्हणून राहिलेत की महिनाभर आजीच्या मांडीवर बसव, काय होतं. मन तयार होत नाही. कोणी यातून गेलंय का? सिझेरियन झालेल्या ताया नक्की गेल्या असतील म्हणून इथे विचारतोय.

सईची_आई

दादा अगदी बरोबर जागी विचारलंत. माझं दुसरं सिझेरियन झालं तेव्हा मोठी दोन वर्षांचीच होती आणि नवरा टूरवर, त्यामुळे हे सगळं करून झालंय.

सगळ्यात आधी सीट डाव्या बाजूला घ्या. ड्रायव्हरच्या मागे आहे म्हणजे तुम्ही रस्त्याच्या बाजूचं दार उघडून उभे राहता, मागून ई-रिक्षा, बाइक सगळे अंगावरून जातात, आणि अशात आपण घाई करतो, घाईत पटकन उचलतो. डावीकडे फुटपाथ असतो, पोरगी दहा मिनिटं नखरे करू दे, कोणाला काही फरक पडत नाही. आयसोफिक्सचे हूक बहुतेक गाड्यांत मागच्या दोन्ही बाजूंना असतात, सीटमधल्या फटीत हात घालून बघा. फक्त सीट हलवायचं काम स्वतः करू नका, ती पण जड असते, आणि वाकून, गुडघा टेकवून दाबावी लागते. वहिनींना रविवारी करायला सांगा.

मग एक स्टूल. फोल्डिंगचं प्लास्टिकचं मिळतं ना, खाली रबर असलेलं, कोपऱ्यावरच्या कुठल्याही प्लास्टिकच्या दुकानात. घरातला पाट वगैरे नेऊ नका, रस्त्यावर घसरतो. स्टूलवरून ती गाडीच्या फ्लोअरवर येईल, आणि फ्लोअरवरून सीटमध्ये चढणं मुलांना आवडतंच, गुडघा टाकून उलटी चढतात आणि मग वळून बसतात. आधी घरी उभ्या गाडीत खेळ म्हणून करा, कुठे जायचं नसताना. या वयात सगळं 'मी मी' असतं त्याचा फायदा घ्या. माझी तर नंतर मला हातच लावू देत नव्हती.

पट्ट्यांसाठी तुम्ही दुसऱ्या दाराने आत शिरून तिच्या शेजारी बसा आणि तिथून लावा. बाहेर उभं राहून कमरेत वाकून लावाल तर टाक्यांची आठवण येईल.

आणि हो, एप्रिल चालू आहे. उन्हात उभ्या गाडीत ते बकल असं तापतं की मोठ्या माणसाला चटका बसतो. ती ताठ होते ती त्यामुळे तर नाही ना ते बघा. मी सीटवर पांढरा पंचा टाकून ठेवायचे.

जुना_इंदुरी

अरे भिया इतकं काय टेन्शन घेऊन राहिलास. राजेंद्र नगर ते अन्नपूर्णा, अंतर ते किती. आम्ही चार भावंडं वडिलांच्या स्कूटरवर राजवाड्यापर्यंत जायचो, एक पुढे उभा, दोन मध्ये, एक आईच्या मांडीवर. सगळे जिवंत आहोत. आजीला घे मागे, पोरीला मांडीवर दे, आजीला पण जरा बाहेरची हवा. नाहीतर सरळ रिक्षा कर महिनाभर. आजकाल मुलांचं फार कौतुक झालंय. राग मानू नका.

फिजिओ_मनी

काका राग नाही, पण मांडीचं गणित एकदा सांगते. गाडी पन्नासच्या स्पीडला असताना धडकून थांबली तर थांबायला सेकंदाचा दहावा भाग वगैरे लागतो. तेवढ्या वेळात बारा किलोचं पोर दीडशे किलोच्या वर जोर लावतं. गुडघे गेलेल्या आजींचं सोडाच, पैलवान सुद्धा धरू शकत नाही. आणि आजींनी पट्टा लावला नसेल तर त्याच पोरीवर जाऊन आदळतात. अंतर कमी आहे म्हणून धडक हळू बसते असं काही नसतं. शिवाय 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम 194ब आहे, चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्यात किंवा चाइल्ड सीटमध्ये नसेल तर एक हजार दंड. इंदुरात कोणी पकडतं का, तो भाग वेगळा 😄

आता दादा तुमच्यासाठी. मी फिजिओ आहे, पण तुमच्या सर्जनचं ऐकायचं, माझं नंतर. ऑपरेशननंतर वजन नुसतं किती आहे यापेक्षा ते अंगापासून किती लांब धरलंय आणि कमरेत पीळ आहे का, हे जास्त नडतं. कार सीटमध्ये मूल ठेवताना नेमकं तेच सगळं एकदम होतं: हात लांब, कंबर वाकलेली, वरून वळायचं, आणि डोकं दाराच्या चौकटीला लागू नये म्हणून श्वास रोखलेला. श्वास रोखला की पोटात दाब वाढतो, आणि जाळीला तोच नको असतो. म्हणून 'थोडंसंच उचलतो, फक्त शेवटची एक ढकल देतो' हे पण नको. ती ढकलच सगळ्यात वाईट.

सईच्या आईंनी शेजारी बसून पट्टे लावायचं सांगितलं ते शंभर टक्के. त्यात एक भर. पट्टा घट्ट करायला समोरची ती दोरी ओढतो ना आपण, ती एकदम झटका देऊन ओढू नका. एका हाताने तिच्या पोटावरचा सैल पट्टा खांद्याकडे वर सरकवा आणि दुसऱ्या हाताने दोरी थोडी थोडी घ्या, श्वास सोडत. जोर लागतच नाही. खांद्यापाशी पट्ट्याची चिमटी धरता आली नाही म्हणजे झाला घट्ट.

तिला मांडीवर चढवून घेऊन मग सीटमध्ये सरकवायचं, असंही काही जण करतात. सिझेरियनला काही दिवसांनी ते चालून जातं, तुमच्याकडे मात्र जांघेत गुडघा बसायची भीती. करायचंच झालं तर मांडीवर जाड उशी. मी तर म्हणेन नकोच.

दुखणं वाढलं, किंवा तिथे नवीन फुगवटा दिसला, तर इथे विचारत बसू नका, सरळ डॉक्टरांकडे.

मिहीर_पलासिया

बूस्टर घ्या ना दादा, नुसती गादीसारखी असते, मूल आपलं आपण चढून बसतं, गाडीचाच बेल्ट लावायचा, सात-आठशेत येते. माझा भाचा त्यावरच बसतो.

फिजिओ_मनी

मिहीर, भाचा किती वर्षांचा आहे? बूस्टर साधारण चार वर्षांच्या पुढे, पंधरा किलो आणि मीटरभर उंची झाल्यावर. सव्वादोनच्या मुलीला गाडीचा बेल्ट गळ्यावर आणि पोटावर येतो, आणि ती त्यातून निसटते पण. चढायला सोपं म्हणून एक पायरी आधीच पुढे जायचं नाही.

मिहीर_पलासिया

सहा वर्षांचा. ठीक आहे, मागे घेतो. ती गोल फिरणारी सीट असते ना मग, दाराकडे तोंड करता येतं ती?

सईची_आई

ती छान असते, पण महाग आणि अजूनच जड. एका महिन्यासाठी नको. कोणाकडे पडून असेल तर मागून आणा, पण जुनी घेताना कधी अपघातात होती का ते विचारायचं, झालेली असेल तर नाही वापरायची.

राजेंद्रनगरवाला

सगळ्यांचे आभार. सीट डावीकडे घेतली, बायकोने लावली, मी फक्त सूचना दिल्या आणि शिव्या खाल्ल्या. स्टूल आणलं. आई खाली उभी राहून तिचा हात धरते आणि ही बाई राणीसारखी चढते. पंचा पण टाकलाय. सकाळचं जमलं म्हणायला हरकत नाही, फक्त आधी निघावं लागतं कारण प्रत्येक पायरीवर थांबून गाईला टाटा करायचा असतो.

काका, तुमच्या सांगण्यावरून रिक्षाचा विचार केला होता, पण तिच्यात पण मांडीच आली.

आता संध्याकाळ. डेकेअरहून निघताना ती दमलेली असते, तिथल्या ताई उचलून सीटमध्ये ठेवतात, मी पट्टे बघतो, तिथवर ठीक. पण घरी येईपर्यंत ही गाढ झोपते. बायको साडेसात-आठला येते. झोपलेल्या पोरीला बाहेर कसं काढायचं? परवा शेजारच्या जोशी काकांना हाक मारली, ते आले बिचारे, पण रोज कसं बोलवणार.

जुना_इंदुरी

रोज बोलव. शेजारी कशाला असतात. मी तुझ्या कॉलनीत असतो तर मीच आलो असतो, खरं सांगतो. आमच्या वेळी उचलायला माणसं होती म्हणून सीट लागत नव्हती, हे मात्र मान्य करतो.

सईची_आई

काकांनी पहिल्यांदा कामाची गोष्ट सांगितली 😄

दादा, झोपू द्यायचंच नाही हा सोपा उपाय. डेकेअरवाल्या ताईंना सांगा दुपारची झोप थोडी उशिरा आणि पूर्ण होऊ दे. निघताना हातात काहीतरी खायला नको, चालत्या गाडीत घशात अडकलं तर तुम्ही पुढे काय करणार, पण गाणी, गप्पा, लाल गाडी कुठे दिसते ते शोध, असं चालू ठेवा. राजेंद्र नगरच्या आत वळलात की मोठ्याने 'आलं घर आलं' सुरू करा.

तरी झोपलीच तर गाडी सावलीत लावून, पट्टे सैल करून, तुम्ही शेजारी बसून हळूहळू उठवा. जागी झाली की लगेच उतरायला लावू नका, दोन-चार मिनिटं जाऊ द्या, नाहीतर रडत अंगावर झेप घेते आणि आपण झेलतोच, हात आपोआप जातात. उतरताना पण उलटं, पोट सीटला लावून पाय खाली सोडत. समोर तोंड करून उतरली तर उडी मारणार, आणि ती पण तुमच्याच अंगावर.

फिजिओ_मनी

एक गोष्ट कृपया. 'झोपलीये तर राहू दे, मी वर जाऊन कोणाला तरी बोलावतो' असं कधीही नाही, दोन मिनिटांसाठी सुद्धा. बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत दहा अंशांनी चढतं, आणि बाहेरच चाळीसच्या पुढे आहे. काच थोडी उघडी ठेवून फार फरक पडत नाही. गाडीत बसूनच फोन करा, आजींना, नाहीतर जोशी काकांना. काकांना वाईट वाटत असेल तर रविवारी पोहे-जिलेबीला बोलवा, वहिनींना मेनू कळवून ठेवा म्हणजे झालं.

राजेंद्रनगरवाला

जोशी काकांशी बोललो. ते म्हणाले सहा वाजता तसाही गेटपाशीच उभा असतो, हॉर्न दे फक्त. आता पुढच्या चेकअपला डॉक्टरांना विचारतो की बारा किलोची परवानगी कधीपासून, कारण बाई रोज खात पण आहेत, तोवर तेरा होतील.