अनुभव धागा : क्राइम सिरीज आणि आपल्या घरातले प्रेक्षक

नायगावची सून
काल सासऱ्यांसाठी 'इन्स्पेक्टर झेंडे' लावला. ते मुंबई पोलिसांतून हवालदार म्हणून रिटायर. खरा सीरियल किलर चार्ल्स शोभराज झेंडेंनी १९८६ मध्ये गोव्यात पर्वरीच्या हॉटेलात पकडला, सिनेमात त्याचं कार्ल भोजराज केलंय. मला वाटलं पकडापकडीला बाबा खूश होतील. कसलं काय! भाऊ कदम दिसला की तेवढं हसायचे, बाकी "पंच कुठायत? डायरीत नोंद कोण करणार?" हेच चालू. मग सासूबाई स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर हे घरी फक्त कपडे बदलायला यायचे. मुलगा ओळखेना यांना." बाबा गप्प. टीव्ही चालू, बघत कोणीच नाही.
तुमच्याकडे असं काही झालंय का? लिहा.

विरार फास्ट
'पाताल लोक'चा दुसरा सीझन लोकलमध्ये उभ्याने संपवला. अर्धी गोष्ट नागालँडमध्ये, संवाद नागामीज, आणि सबटायटलवर नेमका कुणाचा तरी दांडा धरलेला हात. शेजारची बाई बोरिवलीपासून माझ्याच फोनमध्ये. शेवटी म्हणाली, "हा हाथीराम अजून इन्स्पेक्टरच? आणि त्याच्या हाताखालचा तो अन्सारी एसीपी झाला?" म्हटलं हो. "आमच्या बँकेत पण असंच आहे." आणि उतरली भाईंदरला.

खादाडखाऊ
@विरार फास्ट पुढचं सांगू नका हां!! अजून बघायचाय

उपवर
माझं दुःख ऐका. आईने 'दहाड' बघितली. त्यात विजय वर्मा हिंदीचा प्राध्यापक, बायकांना फसवून सायनाईड देतो. पुढच्याच आठवड्यात स्थळ आलं. मुलगा प्राध्यापक. मराठीचा आहे म्हणून बाबांनी बाजू घेतली, आई ढिम्म. "विषय कुठला का असेना."

खादाडखाऊ
😂😂 काकूंना साष्टांग

गंगाखेडकर (सध्या कल्याण)
परभणीतलं मानवत आमच्यापासून लांब नाही. आजी तिथल्या खुनांचं नाव घेऊ द्यायची नाही. १९७२, त्यात दुष्काळ, आणि एकामागून एक बायका-पोरी मारल्या जातायत. आम्ही हट्ट केला की ती नुसती उठून कडी लावायची. 'मानवत मर्डर्स' आली तेव्हा आजी नव्हती, एकट्याने बघितली. आशुतोष गोवारीकर तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णी म्हणून बरा वाटला, बोलतो कमी. (हेच कुलकर्णी १९६८ ला सीरियल किलर रामन राघवच्या तपासात होते, तेव्हा अख्खी मुंबई रात्री घाबरून असायची म्हणतात.) पण मला गुप्तधनाची हाव, नरबळी वगैरेपेक्षा गावाचं गप्प बसणं जास्त दिसायला हवं होतं. माहीत असून न बोलणारी माणसं. ते थोडक्यात उरकलंय.

नायगावची सून
कडी लावायची, हे वाचून काटा आला.

पवईचा
'स्कूप' कुणी बघितली? पत्रकार जे डे यांच्यावर पवईत गोळ्या झाडल्या, ११ जून २०११, भर दुपारी. आमच्या बिल्डिंगमध्ये संध्याकाळी सगळे खाली जमलेले. दुसऱ्या दिवशी भाजीवाला तिथेच. सिरीज अटक झालेल्या महिला पत्रकाराच्या बाजूने आहे, ती पुढे २०१८ ला निर्दोष सुटली. करिश्मा तन्नाने चांगलं केलंय. माझं मन मात्र तिला ठेवलं त्या भायखळ्याच्या तुरुंगात अडकलं, रोज ट्रेनने तिथूनच जातो ना.

काटेकर फॅन क्लब
'सेक्रेड गेम्स' २०१८. जितेंद्र जोशीचा हवालदार काटेकर मेला त्या रात्री आमच्याकडे कुणी जेवलं नाही. तो गँगस्टर गायतोंडे राहू दे बाजूला. मुंबईतल्या पोलीस सिरीजमध्ये हवालदार नीट लिहिलाय की नाही एवढंच मी बघतो. साहेब काय, सगळ्यांनाच लिहिता येतो.

नायगावची सून
+१०० बाबांना वाचून दाखवते

विरार फास्ट
कूकर लावलाय, एका हाताने टाइप करतेय. पंजाबमधली ती एक आहे ना, शेतात प्रेत सापडतं, म्हातारा इन्स्पेक्टर आणि तरुण जोडीदार?

पवईचा
'कोहरा'. सुविंदर विक्की. खुनापेक्षा घरातली भांडणं जास्त बघ.

विरार फास्ट
ती तर आमच्याकडे फुकट आहेत 😄 पासवर्ड कुणाचा चालतोय का, आमच्या भाच्याने त्याचा बदलला

खादाडखाऊ
आमच्या जिजूंनीपण. रांगेत या.