'लोभ असावा' मधला लोभ कोणता?

प्रश्न (फोंडा): आमच्या घरातील जुन्या पत्रांचा शेवट 'लोभ असावा, ही विनंती' असा आहे. षड्रिपूंत गणला जाणारा लोभ पत्रात मायेचा कसा झाला?

उत्तर (डिचोली): संस्कृत 'लुभ्' धातूत ओढ लागणे हा अर्थ आहे, ती माणसाची असली की माया, पैशाची असली की हाव, आणि मराठीने दोन्ही अर्थ जपले, हे मला फार मोलाचे वाटते. हावेच्या जवळचा शब्द 'कृपण' मात्र मुळात दीन, कीव यावी असा. चिक्कू हा अर्थ नंतरचा.

उत्तर (म्हापसा): पैशाचा विषय निघालाच आहे, तर 'दौलत' अरबीतून फारसीमार्गे आली, 'मराठी दौलत' म्हणजे राज्यच. आपल्या गोव्यातला 'भाटकार'ही पाहावा: भाट म्हणजे माडांची बागायत, तिचा मालक भाटकार, आणि त्याच्या जमिनीत घर करून राहणारा तो मुंडकार, ज्याला १९७५ च्या कायद्याने संरक्षण दिले.