नडगी दुखतेय, पळणं थांबवू का?

प्रश्न: वडोदऱ्याच्या कमाटीबागेत रोज 4 किमी पळतोय, तिसरा आठवडा. दोन्ही नडग्या आतल्या बाजूने ठणकतात. गरम शेक देऊ?

उत्तर 1: शेक नको. बर्फ कापडात गुंडाळून 15 मिनिटं. आणि आधी बोटाने हाड दाबत खाली या. दुखरा पट्टा 5 सेंमी किंवा जास्त लांब असेल तर बहुधा हाडाच्या आवरणावरचा ताण. एकाच टिचभर जागी कळ येत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर पळणं बंद करून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो, आणि तो सुरुवातीच्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआय लागतो.

उत्तर 2: रोज पळणं हीच चूक आहे हो! दमसास लवकर वाढतो, हाड बळकट व्हायला महिने लागतात. चालताना दुखेनासं झालं की एक दिवसाआड 1 मिनिट पळा, 2 मिनिटं चाला, असं 8 वेळा. पावलं आखूड टाका. टाच गुडघ्याच्या फार पुढे पडली की नडगीवर दणका बसतो.

उत्तर 1: पायरीच्या कडेवर टाचा उचलायचा व्यायामही करा, 15 चे 3 सेट. निम्मे गुडघा वाकवून, पोटरीचा खोलातला स्नायू तेव्हा जास्त कामाला लागतो. टाच सावकाश खाली, 3 आकडे मोजत.

उत्तर 3: बूट 700-800 किमी झालेले असतील तर बदला.