माडावर चढायला ट्रेकिंगचा हार्नेस चालेल का?

पेडण्याचा_भाटकार

नमस्कार मंडळी. गोव्यात पेडण्याला घराला लागूनच आमचं भाट, म्हणजे माडांची बाग आहे. जुने बाणावली माड, सगळे उंच. नेहमीचा पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, वयामुळे आता चढत नाही, दुसरा मिळत नाही. पाडप वेळेवर होत नाही, तयार नारळ आपोआप खाली येतात आणि खाली गुरं असतात, पोरं खेळतात. म्हणून स्वतःच शिकायचं ठरवलंय. पाय ठेवून चढायचं केरळी यंत्र घेतलं, बुंध्याला तारेचा वेढा बसतो ते. पट्टा मात्र त्याबरोबर आला नाही. मावसभाऊ पूर्वी कड्यांवर चढायला जायचा, त्याचा कमरेला आणि मांड्यांना बसणारा हार्नेस घरात आहे. त्याला दोन्ही बाजूंना कड्या आहेत. त्यांत दोरी अडकवून माडाभोवती फिरवली तर चालेल ना? नवा घ्यायचा झाला तर काय बघून घेऊ?

डिचोलीकर

आमच्या वाड्यावरचे पाडेली कमरेला कोयती लावून, बुंध्यावरच्या खाचांत पाय रोवून चढायचे. पट्टा कुणी बांधला नाही. माझं म्हणणं, आधी त्या म्हाताऱ्या पाडेलीलाच भाटात बोलवा. कुठला माड वरून पोकळ आहे, कुठली चुडती (झावळी) हात लावताच निघेल, हे तो खालून बघून सांगेल. ते ज्ञान दुकानात मिळत नाही. पट्ट्याचं जाणकार सांगतीलच.

वाळपईचा_कातळ

दादा, त्या बाजूच्या कड्यांना दोरी अडकवू नका. हे आधी सांगतो, बाकीचं सावकाश वाचा.

मी कड्यांवर चढतो आणि घरच्या कुळागरातल्या (बागायतीतल्या) माडांचे नारळही मीच पाडतो, त्यामुळे दोन्ही तऱ्हेचे हार्नेस रोज हाताळतो. तुम्ही ज्यांना कड्या म्हणताय ते गिअर लूप. कॅरॅबिनर (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कड्या) आणि इतर सामान टांगण्यापुरते असतात, काही किलो वजनासाठी. वर प्लॅस्टिकची नळी असते म्हणून दणकट वाटतात. जरा वाकवून मुळाशी बघा, किती थोड्या शिवणीवर ते धरलेत ते दिसेल. माणसाचं वजन आलं की उपटून हातात येतील. त्या हार्नेसची ताकद सगळी पुढच्या बाजूला असते. कमरेचा आणि मांड्यांचा पट्टा जोडणारा उभा बिले लूप, आणि दोर ओवायच्या दोन जागा. ईएन १२२७७ या युरोपीय प्रमाणकात हार्नेसचा हा भाग १५ किलोन्यूटनला, म्हणजे साधारण दीड टनाला तपासतात. गिअर लूपची तशी परीक्षा होत नाही.

मग पुढच्या लूपला लावू, असं मनात येईल. पण माडावर दोन्ही हात सोडून मागे रेलायचं असतं. एकाच जागी धरलेलं शरीर कोयतीच्या प्रत्येक घावाला फिरतं. शिवाय कड्यावर आमचा दोर ताणला जातो आणि पडल्याचा धक्का बराचसा तोच खातो. बुंध्याभोवतीची आखूड दोरी ताणत नाही. तो धक्का थेट कमरेत बसतो.

तुम्हाला हवा फुल बॉडी हार्नेस, ज्याच्या कमरेला दोन्ही बाजूंना डी आकाराच्या धातूच्या कड्या आहेत. औद्योगिक वसाहतींजवळ सेफ्टीचं सामान विकणाऱ्या दुकानांत चौकशी करा. लेबलवर आयएस ३५२१ (भारतीय प्रमाणक) किंवा ईएन ३६१ बघा, आणि बाजूच्या कड्यांसाठी ईएन ३५८. या बाजूच्या कड्या फक्त रेलून काम करायला. पडणं थांबवायचं काम छातीच्या किंवा पाठीच्या कडीचं. माडावर छातीची सोयीची, कारण बुंधा समोर असतो. त्या कडीला धक्का शोषणारी आखूड दोरी (लॅनयार्ड) लावायची आणि तिचं दुसरं टोक वजन पडताच बुंध्याला आवळेल अशा फासाला, छातीच्या वर ठेवून. नुसता सैल वेढा गुळगुळीत माडावरून घसरत खाली येतो. चुडतीच्या देठाला तर काही म्हणजे काही बांधायचं नाही.

बाजूची दोरी आत पोलादी तार असलेली घ्या. हातात धारदार कोयती आहे, समोर ताणलेली दोरी आहे आणि नजर वर पेणीकडे (नारळांच्या घडाकडे) आहे, एवढं डोळ्यांसमोर आणा. साधी नायलॉनची दोरी एका घावात जाते. मात्र पोलादातून वीज वाहते. भाटावरून वीजखात्याच्या तारा गेल्या असतील तर त्यांच्या जवळच्या माडावर चढूच नका.

घेताना दुकानातच अंगावर चढवा. कमरेचा पट्टा कमरेच्या हाडांच्या वर बसला पाहिजे, खाली ओढला तर उतरता कामा नये. मांडीच्या पट्ट्यात सपाट हात जावा, मूठ नको. मग दुकानदाराला कुठेतरी पाच मिनिटं टांगायला सांगा. जांघेत कळ आली तर दुसरा मागा. दुकानदार कंटाळला तरी कंटाळू दे.

पेडण्याचा_भाटकार

बरं झालं विचारलं. भावाचा हार्नेस कोठीत इन्व्हर्टरच्या शेजारी खुंटीला होता. दिसायला एकदम कोरा. लेबलवर २०११ आहे. दुसऱ्या कुणाला देऊ का?

वाळपईचा_कातळ

देऊ नका. कात्रीने पट्टे कापून टाका, म्हणजे कचऱ्यातून उचलूनही कुणी वापरणार नाही. बहुतेक कंपन्या कापडी हार्नेसला बनवल्यापासून जास्तीत जास्त दहा वर्षं देतात, न वापरलेला असला तरी. आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत गंधकाम्ल असतं. नायलॉनला आम्लाची वाफही खाते, वरून डाग दिसलाच पाहिजे असं नाही.

वापरातल्या हार्नेसची झीज निदान दिसते, म्हणून प्रत्येक चढाईआधी पट्टा बोटांत धरून उलटा वाकवा. कापलेला धागा, लव सुटलेली जागा, कडक झालेला किंवा चकाकणारा ठिपका, सुटलेला टाका, यातलं एक जरी दिसलं तरी तो निवृत्त. टॉड स्किनर हा अमेरिकेतला फार मोठा चढणारा. २००६ साली योसेमिटीत दोरावरून उतरताना त्याचा बिले लूप तुटला आणि तो गेला. लूप झिजलाय हे त्याला ठाऊक होतं, नवा हार्नेस मागवलेलाही होता. ही हकीकत मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

कुळागरातली_ताई

पावसाळ्याबद्दल मी सांगते, आमच्याकडे घरात दोन हार्नेस आहेत. माडाचा चीक आणि घाम दोन्ही बसतात. कोमट पाणी, ३० अंशांच्या वर नाही, आणि साधा सौम्य साबण. ब्लीच किंवा फरशीचं ॲसिड जवळपाससुद्धा नको. सावलीत, वाऱ्यावर टांगायचं. आमच्या सासूबाई प्रेमाने चुलीवरच्या माळ्यावर वाळत घालायच्या, तेवढं थांबवलं, कारण उष्णतेने धागा मरतो. उन्हातही नको. धातूच्या कड्या खाऱ्या वाऱ्याने खातात, त्या गोड्या पाण्याने धुऊन कोरड्या पुसायच्या. नाव लिहायचं तर पट्ट्यावर मार्कर नको, लेबलवर लिहा. आणि कापडी पिशवीत घालून उंच टांगा, कोठीतला उंदीर एका रात्रीत पट्टा कुरतडतो.

भावा, आणखी एक. एकट्याने चढू नका. पट्ट्याने वाचलेला माणूस वर निपचित लटकत राहिला तर पायांत रक्त साठून काही मिनिटांत जिवावर बेततं. त्याला खाली घेणारं कुणीतरी बुंध्याशी हवं. १०८ला फोन करून नुसतं वाट बघणं पुरत नाही.

पेडण्याचा_भाटकार

ताई, दादा, आभार. आज पट्टे कापले. पाडेलीकाकांनाही बोलावलंय. नवा हार्नेस आला की सुरुवात कशी करू?

वाळपईचा_कातळ

कमरेच्या उंचीवर. यंत्र लावा, पट्टा बांधा, आणि जमिनीपासून दोन फुटांवर मुद्दाम वजन सोडून फास बुंध्याला आवळतोय का ते बघा. मागे रेलून हात मोकळे सोडायची सवय तिथेच होऊ दे. नारळ विकास मंडळ यंत्रावर चढायचं प्रशिक्षण देतं, चढणाऱ्यांसाठी केरा सुरक्षा नावाचा विमाही आहे. जुने गोव्याच्या कृषी विज्ञान केंद्रात दोन्हींची चौकशी करा. पाऊस सरला की मीही पेडण्याला एक फेरी मारीन, पट्टा अंगावर बसवून दाखवीन. आत्ता बुंधे शेवाळलेले असतात, तोवर वर जाऊ नका.