बोलिंगच्या नॅशनलला पहिल्यांदा जातोय, लेनवरच्या (बॉल टाकायच्या पट्टीवरच्या) तेलाचं काय करू?

प्रश्न: आमची टीम यंदा अमेरिकेतल्या यूएसबीसी (तिथली बोलिंगची राष्ट्रीय संघटना) ओपनला, म्हणजे नॅशनलला उतरतेय, 1901 पासून चालत आलेली स्पर्धा आहे, आणि मी पक्का हौशी, लीगमधलं माझं अ‍ॅव्हरेज एका गेमला 185. प्रो खेळाडूंच्या शेजारी बॉल टाकायचा म्हणजे छातीत धडधडतंय. काय तयारी करू?

उत्तर १: घाबरू नका हो, अ‍ॅव्हरेजप्रमाणे डिव्हिजन असतात, बक्षिसासाठी तुमची लढत तुमच्याच तोडीच्यांशी. पण 185 विसरून जा. रोजच्या लेनवर मधे तेल जास्त अन् कडेला कमी, म्हणून बाहेर गेलेला बॉलसुद्धा वळून पॉकेटात, म्हणजे पुढच्या पिनांमधल्या हव्या त्या फटीत येतो. स्पर्धेत तेल बरंच सपाट पसरलेलं असतं, जरा चुकलात की बॉल परत येतच नाही.

उत्तर २: स्पेअर, स्पेअर आणि स्पेअर, म्हणजे पहिल्या बॉलनंतर उरलेल्या पिना दुसऱ्या बॉलने पाडणं! टीम, डबल्स, सिंगल्स प्रत्येकी 3 गेम, म्हणजे 9 गेम, त्यात दहा नंबरची, म्हणजे मागच्या ओळीतली उजव्या कोपऱ्यातली पिन सरळ बॉलने पाडता आली पाहिजे. मी तिथेच मार खाल्ला होता, अजून सलतं.

उत्तर ३: आणि तेल खेळता खेळता सरकतं, बॉल लवकर वळायला लागला की लगेच पाय हलवा, म्हणजे उभं राहायची जागा बदला, टीममध्ये एकमेकांना सांगत रहा.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार, आजपासून दहा नंबरच्या मागे लागतो!