महिलांच्या दोन जागा

देशपांडे, सेक्रेटरी: समिती निवडणूक. महिला राखीव 2 जागांसाठी सौ. जोशी (ए-201) व सौ. पाटील (बी-304) यांची नावे ठरली आहेत. दोघींकडे हळदीकुंकू, गणपती सजावट, कोजागरी. सर्वांचे सहकार्य अपेक्षित 🙏

मेधा बी-402: काका, ठरली म्हणजे कुणी ठरवली? अर्जांची मुदत शनिवारपर्यंत आहे ना? वैशाली आत्ता माझ्याकडेच बसलीये, तिला हे ग्रुपवर कळलं.

जोशी ए-201: तिच्या वतीने मीच हो म्हटलं होतं. त्यात काय एवढं?

वैशाली जोशी: घरी आल्यावर बोलू.

शिंदे सी-103: जोशीबुवा, आज रात्रीचं पार्सल सांगून ठेवा 😂

कुलकर्णी ए-102: टँकर पुन्हा पहाटे आला. वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह कोण बंद करतं?

देशपांडे, सेक्रेटरी: मेधाताई, गैरसमज नसावा. महिलांचा मान ठेवण्यासाठीच हे केलंय.

मेधा बी-402: टँकरचा विषय निघालाच आहे तर बोलते. उन्हाळ्यात चलनांवरच्या फेऱ्या आणि वॉचमनच्या वहीतल्या नोंदी जुळत नाहीत, हे कुणी शोधलं? वैशालीने. रात्री माझ्या डायनिंग टेबलावर बसून ती एकेक चलन वहीतल्या तारखेशी लावून बघत होती. एकाच गाडीच्या, एकाच वेळेच्या दोन-दोन पावत्या निघाल्या. अहवालात आभार मात्र जोशींचे छापले. सजावटीचं काम हलकं नाही, पण हिशेबात एवढी पक्की बाई आपल्याकडे आहे आणि तिला साधं विचारतही नाही?

पाटील बी-304: मुद्दा बरोबर आहे, पण लेडीजना मीटिंगला वेळ कुठे असतो? आमची ही तर येतच नाही.

नेने काकू ए-502: वेळ जातो कुठे ते बघा ना. सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी 289 मिनिटे घरकामात जातात, पुरुषांची 88. मीटिंग ठेवता रात्री साडेआठला, ऐन पोळ्यांच्या वेळी. रविवारी सकाळी अकराला ठेवा, मग बघू कोण येत नाही.

कुलकर्णी ए-102: व्हॉल्व्हचं कुणी बोलत नाहीये.

शिंदे सी-103: काकू, पण मतदानात बायकांना कुणी अडवलंय का?

मेधा बी-402: शेअर सर्टिफिकेटवर पहिलं नाव असेल त्याचं मत. दुसऱ्या नावाला पहिला हजर नसेल तरच. आमच्या हप्त्यात निम्मे पैसे माझे आहेत, नाव दुसरं. तुमच्याकडेही तसंच असेल, कपाटातून काढून बघा.

शिंदे सी-103: बघितलं. तसंच आहे.

पाटील बी-304: सोसायटी चालवणं म्हणजे कायदा, बँक, कंत्राटदार... अनुभव लागतो हो.

नेने काकू ए-502: सकाळी आपला कचरा नेतात त्या मावशी ‘स्वच्छ’च्या सभासद आहेत. कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था, बहुतेक बायकाच. 2008 पासून महापालिकेबरोबर काम करतायत. त्याआधी 1993 पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत संघटना बांधली. त्यांना सहकार जमतो आणि पगारपत्रकं करणाऱ्या आपल्या मुलींना नाही?

देशपांडे, सेक्रेटरी: काकू, विषय भरकटतोय. महिलांसाठी 2 जागा कायद्याप्रमाणे ठेवल्याच आहेत.

मेधा बी-402: दोन जागा कमीत कमी आहेत काका. बाकीच्या जागांवर बायकांनी उभं राहू नये असं कुठल्याही कायद्यात नाही.

कुलकर्णी ए-102: व्हॉल्व्ह. तिसऱ्यांदा विचारतोय.

वैशाली जोशी: कुलकर्णी काका, व्हॉल्व्हची किल्ली वॉचमनकडे आहे, बंद करायची वेळ कुणी लिहूनच दिलेली नाही. आज संध्याकाळी लिहून केबिनमध्ये लावते. आणि देशपांडे काका, राखीव जागेवरून माझं नाव काढा. मी सर्वसाधारण जागेसाठी अर्ज भरतेय. निवडून आले तर खजिनदारपद मागणार. सर्टिफिकेटवर पहिलं नाव माझंच आहे, त्यामुळे अडचण नाही. सूचक, अनुमोदक हवेत.

जोशी ए-201: वैशाली, अगं मला आधी सांगायचं तरी.

नेने काकू ए-502: सूचक मी.

कुलकर्णी ए-102: अनुमोदक मी. सही करायला खाली येतोय, पेन घेऊन ये.