क्लोरीनच्या अणूत साडेअठरा न्यूट्रॉन कसे? आवर्तसारणीतील अपूर्णांकांविषयी

प्रश्न (नववीतील विद्यार्थिनीची आई)

नमस्कार. माझी मुलगी मराठी माध्यमात नववीत शिकते. ‘द्रव्याचे मोजमाप’ हा धडा करताना तिने वहीत क्लोरीनचे न्यूट्रॉन काढले : अणुवस्तुमान ३५.५, त्यातून अणुअंक १७ वजा केला आणि उत्तर आले १८.५. अर्धा न्यूट्रॉन असू शकत नाही हे तिला कळते, मात्र चूक नेमकी कुठे झाली ते तिला सापडत नाही आणि मलाही नीट सांगता आले नाही.

त्यानंतर भिंतीवरचा तक्ता पाहताना तिने आणखी एक गोष्ट दाखवली. अरगॉनचे अणुवस्तुमान ३९.९५ आहे आणि त्याच्या पुढच्या पोटॅशियमचे ३९.१०, म्हणजे जड मूलद्रव्य आधी आणि हलके नंतर आले आहे. शिवाय क्लोरीनसाठी पुस्तकात ३५.५, तक्त्यावर ३५.४५ आणि मोबाईलवर ३५.४५३ असे तीन वेगवेगळे आकडे मिळतात. यातला बरोबर कोणता मानायचा?

पहिले उत्तर (माध्यमिक शाळेतील विज्ञान शिक्षक)

ताई, मुलीची वजाबाकी बरोबर आहे, फक्त ती चुकीच्या संख्येतून झाली आहे. न्यूट्रॉन काढण्यासाठी अणुवस्तुमानांक लागतो. एका विशिष्ट अणूच्या केंद्रकातील प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची एकूण संख्या म्हणजे अणुवस्तुमानांक, आणि ती मोजून आलेली संख्या असल्यामुळे नेहमी पूर्णांकच असते. तक्त्यावरचे अणुवस्तुमान मात्र निसर्गात एकत्र सापडणाऱ्या समस्थानिकांची, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या पण न्यूट्रॉनांची संख्या वेगळी असलेल्या अणूंची, सरासरी असते. क्लोरीनच्या १००० अणूंपैकी सुमारे ७५८ अणूंत १८ न्यूट्रॉन असतात (अणुवस्तुमानांक ३५) आणि सुमारे २४२ अणूंत २० (अणुवस्तुमानांक ३७). वस्तुमान ३५.५ असलेला क्लोरीनचा अणू कुठेही अस्तित्वात नाही.

वर्गात हे पटवण्यासाठी मी चवळी आणि राजमा मिसळून शंभर दाणे मोजून घेतो, सगळ्यांचे एकत्र वजन करतो आणि शंभराने भागतो. मिळालेल्या वजनाचा एकही दाणा ताटलीत सापडत नाही, हे मुले स्वतः एकेक दाणा तराजूवर ठेवून पाहतात. घरी वजनकाटा असेल तर अवश्य करून पाहा, मात्र साधा काटा एकेका दाण्याचे वजन दाखवणार नाही, म्हणून दहा-दहाच्या ढिगांनी मोजा.

आता ७५८ ला ३५ ने आणि २४२ ला ३७ ने गुणून बेरीज केली, तर सरासरी ३५.४८ येते, ३५.४५ येत नाही. चौकस विद्यार्थी इथे अडतो आणि त्याने अडलेच पाहिजे. १९६१ पासून कार्बन-१२ या समस्थानिकाचे वस्तुमान नेमके १२ मानून बाकी सर्व अणूंची वस्तुमाने त्याच्याशी तोलली जातात. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन केंद्रकात बांधले जाताना वस्तुमानाचा थोडा अंश ऊर्जेच्या रूपाने बाहेर पडतो आणि हा अंश प्रत्येक केंद्रकात वेगळा असतो. त्यामुळे क्लोरीन-३५ चे मोजलेले वस्तुमान ३४.९६९ आणि क्लोरीन-३७ चे ३६.९६६ भरते. हे आकडे घेऊन तीच सरासरी काढली की ३५.४५ मिळते.

दुसरे उत्तर (महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारी सदस्य)

अरगॉनच्या प्रश्नाला थोडा अधिक वेळ दिला पाहिजे, कारण या मूलद्रव्याचा शोधच मुळी एका मोजमापातून लागला. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले वायूंच्या घनता काटेकोरपणे मोजत होते. हवेतून ऑक्सिजन वगैरे काढून टाकल्यावर उरलेला नायट्रोजन दर लिटरला सुमारे १.२५७ ग्रॅम भरत होता आणि अमोनियासारख्या संयुगांपासून मिळवलेला नायट्रोजन सुमारे १.२५१ ग्रॅम. फरक जेमतेम अर्ध्या टक्क्याचा. पुष्कळांनी तो उपकरणाचा दोष समजून सोडून दिला असता. रॅले यांनी तो सोडला नाही. त्यांनी पुन्हा पुन्हा मोजले आणि १८९२ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात पत्र लिहून वाचकांकडेच त्याचे कारण विचारले. पुढे विल्यम रॅम्से यांच्यासह त्यांनी १८९४ मध्ये दाखवून दिले की हवेत जवळपास एक टक्का असा एक वायू आहे, जो कशाशीही संयोग पावत नाही. तोच अरगॉन.

त्याचे अणुवस्तुमान ४० च्या जवळ आल्यावर मोठी अडचण उभी राहिली, कारण वस्तुमानाच्या क्रमाने लावल्यास अरगॉन सोडियमच्या गणात जाऊन बसतो आणि पोटॅशियमसारखा पाण्याशी पेट घेणारा धातू निष्क्रिय वायूंच्या रांगेत येतो. ही गाठ १९१३ मध्ये हेन्री मोझली यांनी सोडवली. निरनिराळ्या मूलद्रव्यांतून निघणाऱ्या क्ष-किरणांची वारंवारता मोजून त्यांनी सिद्ध केले की मूलद्रव्याची जागा केंद्रकावरील धनप्रभार, म्हणजेच अणुअंक, ठरवतो. अरगॉनचा अणुअंक १८ आणि पोटॅशियमचा १९, त्यामुळे तक्त्यातला क्रम योग्यच आहे. मोझली दोनच वर्षांनी पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या रणभूमीवर मारले गेले, तेव्हा ते २७ वर्षांचे होते. हे सांगताना मला दरवर्षी वाईट वाटते.

तरीही अरगॉन इतका जड का, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर या शेजाऱ्यांच्या जोडीतच आहे. पोटॅशियममध्ये साधारण दहा हजारांत एक अणू पोटॅशियम-४० या किरणोत्सारी समस्थानिकाचा असतो. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ, सुमारे १२५ कोटी वर्षे आहे. क्षय पावणाऱ्या अशा शंभर अणूंपैकी सुमारे ८९ अणूंचे कॅल्शियम-४० होते आणि उरलेल्या अकरांचे अरगॉन-४०. पृथ्वीच्या खडकांतून कोट्यवधी वर्षे हा वायू हवेत मिसळत आला, म्हणून आज हवेतील अरगॉनपैकी ९९.६ टक्के अरगॉन-४० आहे, तर पोटॅशियमचे ९३ टक्क्यांहून अधिक अणू पोटॅशियम-३९ चे आहेत. सूर्यावर बहुतांश अरगॉन हा अरगॉन-३६ आहे. तिथल्या नमुन्यावरून तक्ता केला असता, तर आपल्या मुलीला ही विसंगती दिसलीच नसती.

तिसरे उत्तर

वरच्या उत्तराला एक छोटी पुरवणी. मेंडेलीव्ह यांनी १८६९ मध्ये तक्ता मांडला तेव्हा अरगॉन माहीतच नव्हता, पण तसाच पेच त्यांच्यापुढे टेल्युरियम आणि आयोडीन यांच्या बाबतीत होता. त्यांनी गुणधर्मांना मान देऊन टेल्युरियम आधी ठेवले आणि त्याचे अणुवस्तुमान मोजताना चूक झाली असावी असे मानले. आजची मूल्ये अनुक्रमे १२७.६० आणि १२६.९० आहेत. मोजमाप बरोबर होते आणि जागाही बरोबर होती, त्यांचे स्पष्टीकरण तेवढे चुकले.

प्रश्नकर्त्या आईंचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. मुलीने चवळी आणि राजम्याचा प्रयोग करून वहीत नोंदवला आहे. आता फक्त तीन आकड्यांचा प्रश्न राहिला. तिने उदाहरणांत ३५.५ घ्यावे की ३५.४५३?

पहिल्या उत्तराचे लेखक

तिन्ही आकडे एकाच मूल्याचे, फक्त कमी-अधिक ठिकाणी थांबलेले आहेत. दशांश स्थळे वाढवत नेली म्हणजे अचूकता वाढते, असे मात्र तिने समजू नये. क्लोरीनच्या समस्थानिकांचे प्रमाण नमुन्यागणिक किंचित बदलते, म्हणून आता त्याचे प्रमाणित अणुवस्तुमान ३५.४४६ ते ३५.४५७ असे पल्ल्यात दिले जाते. फ्लोरीनचा निसर्गात एकच स्थिर समस्थानिक असल्यामुळे त्याचे मूल्य १८.९९८४ याच्याही पुढे निश्चितपणे लिहिता येते. याउलट शिसे युरेनियम आणि थोरियम यांच्या क्षयातून सतत तयार होत असल्यामुळे खनिज कोणते आहे त्यावर त्याचे अणुवस्तुमान अवलंबून असते, आणि तक्त्यांत ते २०७.२ वरच थांबते.

उदाहरणात किती अंक घ्यायचे हे तराजूवरून ठरवावे. शाळेच्या काट्यावर मीठ ५.८५ ग्रॅम भरले, तर त्यात तीनच सार्थ (भरवशाचे) अंक आहेत. मिठाचे रेणुवस्तुमान ५८.५ घेतले किंवा ५८.४४ घेतले, तरी उत्तर तीन अंकांपर्यंत ०.१०० मोल असेच येते. तेच मीठ दशसहस्रांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर ५.८५०० ग्रॅम भरले, तर ५८.५ घेऊन ०.१००० मोल येतील आणि ५८.४४ घेऊन ०.१००१. तिथे ३५.४५ च वापरावे. नववीच्या उदाहरणांसाठी ३५.५ पुरेसे आहे. न्यूट्रॉन काढताना मात्र ते वापरू नये, तिथे समस्थानिकाचा अणुवस्तुमानांकच घ्यावा.